पाच लाखांत कोकणातला व्हँपायर: आधी दार कोण उघडतं ते ठरवा

प्रश्न थोडक्यात असा आहे. वेंगुर्ल्याजवळची पाच-सहा मुलं-मुली, एकाकडे मिररलेस कॅमेरा, एकीच्या आजोळचं जुनं कौलारू घर हाताशी, खर्चाची तयारी पाच लाखांपर्यंत. ‘ड्रॅक्युला’ किंवा तशाच एखाद्या जुन्या व्हँपायर कथेवरून आजच्या काळातला तासा-सव्वातासाचा मराठी चित्रपट करायचा आहे. कथा कोणती घ्यावी, हक्कांचं काय, आणि पडद्यावर तो गरीब दिसू नये म्हणून काय करावं?

कमी पैशांतल्या चित्रपटांचं छायाचित्रण हेच माझं काम आहे आणि त्यातलं बरंचसं सिंधुदुर्ग-रत्नागिरीत झालं आहे. तुमचा बेत मला मनापासून आवडला, म्हणून सविस्तर लिहितो.

हक्कांचा मुद्दा आधी संपवू. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी त्याचं लेखन मोकळं होतं. जॉन पॉलिडोरी १८२१ मध्ये गेला, शेरिडन ले फानू १८७३ मध्ये, अलेक्सेई कॉन्स्टांटिनोविच टॉलस्टॉय १८७५ मध्ये, ‘ड्रॅक्युला’चा लेखक ब्रॅम स्टोकर १९१२ मध्ये. या चौघांच्या कथा तुम्ही कुणालाही न विचारता घेऊ शकता. ‘ड्रॅक्युला’वरून केलेल्या मुर्नाऊच्या १९२२ च्या ‘नोस्फेराटू’ या चित्रपटाला ही मोकळीक नव्हती. स्टोकरची पत्नी फ्लोरेन्स हयात होती, निर्मात्यांनी परवानगी न घेता नुसती नावं बदलली, बाईंनी जर्मनीत खटला लढवला आणि कोर्टाने सगळ्या प्रती नष्ट करायला सांगितल्या. काही प्रती वाचल्या म्हणून तो आज बघायला मिळतो. तुम्हाला जपायचं आहे ते नंतरच्या लोकांनी घातलेल्या भरीला. मेलेली बायको पुनर्जन्म घेऊन काउंट ड्रॅक्युलाला भेटते, हे १९९२ च्या कपोलाच्या चित्रपटातलं कथानक पुस्तकात कुठेच नाही. मराठी अनुवादातले संवादही जसेच्या तसे उचलू नका, कारण अनुवादाचे हक्क वेगळे असतात. आणि नारायण धारपांची एखादी कल्पना खुणावत असेल तर रीतसर परवानगी घ्या. धारप २००८ मध्ये गेले, त्यांचं लेखन अजून हक्कांत आहे.

आता माझं मुख्य म्हणणं. व्हँपायरपट करायला बसलेली मंडळी पहिल्या बैठकीत दात, रक्त, वटवाघूळ, धूर आणि पडका वाडा यांची यादी करतात. ती यादी फाडून टाका. या सगळ्या जुन्या कथा चालतात त्या एका नियमावर: जे बाहेरचं आहे, ते कुणीतरी आत घेतल्याशिवाय आत येत नाही. स्टोकरच्या पुस्तकात ड्रॅक्युलाशी लढणारा प्रोफेसर व्हॅन हेल्सिंग हे स्पष्ट सांगतो. घरातल्या माणसाने बोलावल्याशिवाय त्याला पहिल्यांदा पाऊल टाकता येत नाही, एकदा बोलावलं की मात्र तो हवा तेव्हा येतो. पुस्तक नीट वाचलंत तर लक्षात येईल की पहिल्या चार प्रकरणांनंतर काउंट प्रत्यक्ष समोर फारच थोडा येतो. उरलेल्या शेकडो पानांत आपण वाचतो ते त्याच्यामुळे आजारी पडलेल्यांविषयी, जागरण करणाऱ्यांविषयी, डायऱ्या लिहिणाऱ्यांविषयी. म्हणजे मूळ लेखकानेच राक्षसाला पडद्याआड ठेवलं आहे. तुमच्या बजेटला याहून मोठा आधार नाही. दार कोण उघडतं, का उघडतं आणि उघडल्यावर त्या माणसाला काय भोगावं लागतं, एवढं पक्कं झालं की पटकथेचा निम्मा भार उतरतो.

या कसोटीवर तीन कथा कोकणात बसतात.

पहिली अर्थातच ‘ड्रॅक्युला’, १८९७ ची. जोनाथन हार्कर ट्रान्सिल्व्हेनियात जातो तो भूत शोधायला नाही, जमिनीचा व्यवहार पुरा करायला. काउंटला इंग्लंडमध्ये मालमत्ता हवी आहे आणि हार्कर हा सॉलिसिटरच्या कचेरीतून आलेला तरुण आहे. हे आज किनाऱ्यावरच्या कुठल्याही गावात ठेवून बघा. सामायिक जमीन, सातबाऱ्यावर नावांची रांग, निम्मे वारस मुंबईत, एकाचा पत्ता नाही. खरेदीदार कुणीच पाहिलेला नाही, सगळं कुलमुखत्यारपत्रावर चाललेलं. आपल्याकडे शेतजमीन घ्यायला शेतकरी असल्याचा दाखला लागतो. तो दाखला ज्या गावचा आहे ते गाव कुठे आहे हे तलाठ्यालाही सांगता येत नाही. या गोष्टीत दार म्हणजे सही. शेवटचा वारस अंगठा उठवतो आणि ‘तो’ आत येतो. मला स्वतःला ही कल्पना फार जवळची वाटते, कारण तिच्यातलं भय आज कोकणात खरोखर आहे. पण पात्रं पुष्कळ, ठिकाणं पुष्कळ, म्हणून पाच लाखांत पूर्ण पुस्तक नको. करायचीच तर पहिली चार प्रकरणं घ्या: एक वकिलाचा जुनिअर, एक घर, एक यजमान.

दुसरी टॉलस्टॉयची वुर्डालाकची, म्हणजे रक्त पिणाऱ्या पिशाच्चाची, गोष्ट. हा टॉलस्टॉय म्हणजे लिओ नव्हे. घरातला म्हातारा गोर्चा एका दरोडेखोराच्या मागावर निघतो आणि जाताना मुलांना बजावतो, दहा दिवस उलटल्यावर आलो तर मला घरात घेऊ नका. तो येतो ते नेमकी मुदत संपता संपता. आता बापाला उंबऱ्याबाहेर ठेवायचं का? ही आपल्या माणसांना ओढून नेणारी गोष्ट आहे आणि कुटुंब एवढंच तिचं जग आहे. एद्रिआँ बो या फ्रेंच दिग्दर्शकाने २०२३ मध्ये ती सुपर १६ फिल्मवर केली आणि त्यात म्हातारा वुर्डालाक चक्क एक बाहुलं आहे. माणसांच्या पंगतीत बसलेलं हाडकुळं बाहुलं, आणि घरचे त्याला बाप म्हणून वाढतात. ते अंगावर येतं याचं कारण बाहुल्याची सफाई नाही, घरच्यांची वागणूक आहे. आपल्या सावंतवाडी-कुडाळ पट्ट्यात, विशेषतः पिंगुळीत, कळसूत्री बाहुल्यांची परंपरा जिवंत आहे. तुमच्यापैकी कुणाचा हात तिकडे चालत असेल तर ही कथा जरूर धरा.

पण तुमच्याकडे आजोळचं घर आहे, मुख्य भूमिका करू शकतील अशा दोन मुली आहेत असं तुम्ही लिहिलं आहे, तेव्हा मी तिसरीचा आग्रह धरतो: ले फानूची ‘कार्मिला’, १८७२ ची, म्हणजे ‘ड्रॅक्युला’च्या पंचवीस वर्षं आधीची.

मूळ कथा ऑस्ट्रियातल्या स्टायरियात घडते. एकाकी गढीत विधुर बाप आणि एकोणीस वर्षांची लॉरा. एका संध्याकाळी समोरच घोडागाडी उलटते. गाडीतली भारदस्त बाई म्हणते, मला क्षणभरही थांबता येणार नाही, माझी लेक प्रवास करण्याच्या स्थितीत नाही, तीन महिन्यांनी न्यायला येते. लेकीला आमच्याविषयी काही विचारू मात्र नका. बाप मुलीला ठेवून घेतो. ती सुंदर आहे, लाघवी आहे, दुपार उलटल्याशिवाय खोलीबाहेर येत नाही. गावात पोरी झुरून मरायला लागतात. एका मुलीची अंत्ययात्रा भजन म्हणत जाताना ही पाहुणी संतापाने थरथरते. जुन्या तसबिरी साफ होऊन येतात तर १६९८ सालच्या एका चित्रातली बाई हुबेहूब तिच्यासारखी. आणि लॉराला रात्री छातीत दोन सुया खुपसल्यासारख्या वाटतात.

हे कोकणात आणायला फार काही वाकवावं लागत नाही. चतुर्थी आटोपली, विसर्जन झालं, चाकरमानी गेले. आठ दिवस गजबजलेलं घर एकदम रिकामं. मागे आजोबा, बारावीनंतर थांबलेली नात आणि सकाळ-संध्याकाळ येणारी कामाची बाई. पाऊस अजून सरलेला नाही. वळणावर एक गाडी गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला, जाऊन लागते. उतरलेल्या बाईला मोप्याच्या विमानतळावर पोचायचं आहे, लेकीला चक्कर आली आहे, ‘चार दिवस ठेवाल का?’ आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसाच्या तोंडून अशा वेळी ‘नाही’ निघत नाही. घराच्या पुढ्यात कधीकाळी काढलेल्या होमस्टेची पाटी आहे, ‘येवा कोकण आपलोच असा’. आमंत्रण आधीच लिहून ठेवलेलं आहे.

यात एक गोष्ट कृपा करून कापू नका. कार्मिला आणि लॉरा यांच्यातलं आकर्षण हा कथेचा प्राण आहे. ते गाळलं तर उरते ती फक्त आजारपणाची गोष्ट, आणि चेष्टेवारी नेलंत तर तेही उरत नाही. एकट्या पडलेल्या मुलीला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी पूर्ण लक्ष देऊन ऐकतं आहे, हे प्रेक्षकाला खरं वाटलं पाहिजे, इतकं की दार उघडलं याचा त्यालाही क्षणभर आनंद व्हावा.

दाराचा प्रसंग कसा करावा ते जरा जवळून सांगतो, कारण तुमचा चित्रपट तिथेच उभा राहील किंवा पडेल. तिन्हीसांजेला दिवा लावायच्या वेळी पुढचं दार उघडं ठेवायचं, लक्ष्मी येते, ही पद्धत अजून घरोघर आहे. म्हणजे दार त्या वेळी उघडं असणारच. कॅमेरा माजघरात खाली, बसल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवा. समोर ओटी, तिच्यापलीकडे पडवी, पलीकडे खळं आणि तुळस. दारांच्या दोन चौकटी एकात एक मिळतात, त्यासाठी सेट लावावा लागत नाही. तुळशीपाशी पणती, पडवीत एकच पिवळा बल्ब, तोही डिमरवर. सूर्य बुडाल्यावर आपल्याकडे आकाश साधारण वीस-पंचवीस मिनिटं वापरण्याजोगं निळं राहतं आणि त्यातली मधली आठ-दहा मिनिटं अशी असतात की पणतीची ज्योत आणि आकाश दोन्ही एकाच एक्स्पोजरमध्ये सापडतात. तेवढ्यात एक, फार तर दोन टेक. म्हणून हा प्रसंग एका संध्याकाळी संपवायचा हट्ट धरू नका, शेड्यूलमध्ये तीन-चार संध्याकाळी त्याच्यासाठी राखा. तालीम दुपारी करा, मार्क जमिनीवर खडूने काढा. मुलगी खळ्यात उभी आहे, चेहरा दिसत नाही, फक्त आकार. ती पायरी चढत नाही. कुणी काही बोलत नाही. आणि मग आतून कामाच्या बाईचा सहज आवाज येतो: ‘भायर कित्याक उभी? घरात ये गो.’ हा आवाज आजोबांचा किंवा नातीचा नको. ज्या बाईला काहीच अधिकार नाही आणि जिच्या मनात काहीच वाईट नाही, तिच्या तोंडी तो द्या. पुढचा सगळा दोष ती स्वतःकडे घेईल आणि तुम्हाला एक खरं पात्र मिळेल.

दुसरी जागा काचेच्या कौलाची. जुन्या घरात माजघर भर दुपारीही काळोखं असतं आणि छपरात एखादं काचेचं कौल असतं. त्यातून पडणारा कवडसा हा तुमचा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात देखणा दिवा आहे. छप्पर बारा फुटांवर असेल तर दुपारी तो जमिनीवर तासाला साधारण तीन फूट सरकतो. पाहुणी पाटावर बसली आहे, कवडसा सरकत तिच्या पायापर्यंत येतो, ती बोलता बोलता पाट थोडा मागे घेते. काही वेळाने पुन्हा. त्यावर कुणीही बोलायचं नाही. उन्हाने व्हँपायर जळून मरतो ही युक्ती ‘नोस्फेराटू’ची आहे. स्टोकरचा काउंट दिवसाढवळ्या लंडनमध्ये फिरतो, फक्त त्याची शक्ती तेव्हा कमी असते. कार्मिलाही दुपारनंतर बाहेर पडते. तेव्हा आगीचे इफेक्ट विसरा, हा पाट सरकवणं पुरे आहे. करताना आधी लांबचा शॉट घ्या, मग छपरावर माणूस चढवून कौलावर पत्रा टाका आणि जवळचे शॉट एलईडीवर घ्या, नाहीतर दर कटला कवडसा उडी मारताना दिसेल. चुलीतला थोडा धूर खोलीत राहिला तर प्रकाशाचा झोत उठून दिसतो. नारळाच्या सोडणांचा धूर मात्र बंद खोलीत करू नका, पंधरा मिनिटांत सगळे खोकत बाहेर येतील.

तिसरी वस्तू मच्छरदाणी. ड्रायरने १९३२ मध्ये ‘व्हँपायर’ केला, तोही ले फानूच्या कथासंग्रहाच्या आधाराने. पैसे देणारा तरुण उमराव स्वतःच नायक झाला, बहुतेक पात्रं हौशी, आणि चित्रण खऱ्या घरांत. त्यातली ती विरलेली, राखाडी, झोपेत पाहिल्यासारखी प्रतिमा लेन्ससमोर जाळीदार कापड धरून आणि त्यावर प्रकाश टाकून मिळवलेली आहे. आपल्याकडे प्रत्येक पलंगावर ती जाळी बांधलेलीच असते. रात्रीच्या प्रसंगात कॅमेरा मच्छरदाणीच्या बाहेर ठेवा, एक छोटा दिवा बाजूने जाळीवर पडू द्या. आतली मुलगी धूसर होईल, आणि जाळी एका कोपऱ्यातून उचललेली आहे हे प्रेक्षकाला आपोआप दिसेल. जुनी, जरा मळकी सुती मच्छरदाणी घ्या. नवी नायलॉनची चकाकते.

आता क्रूस, लसूण, पवित्र पाणी यांचं काय? मुस्लिम बहुसंख्य असलेल्या देशांनी हा प्रश्न आपल्याआधी सोडवला आहे. १९५३ च्या तुर्की ‘ड्रॅक्युला इस्तंबूलमध्ये’ या चित्रपटात गोष्ट त्या वेळच्या आधुनिक इस्तंबूलमध्ये आणली, क्रूस पूर्ण काढला आणि भिस्त लसणावर ठेवली. १९६७ च्या लाहोरच्या ‘जिंदा लाश’ने आणखी धीट मार्ग धरला. त्यातला प्रोफेसर तबानी अमरत्वाचं रसायन शोधत असतो, स्वतःच पितो, मरतो आणि उठतो. धर्म बाजूला ठेवून दोष विज्ञानाच्या हव्यासावर टाकला. दोन्ही चित्रपट तुटपुंज्या साधनांत झाले आणि दोन्हींत एक शहाणपण आहे: एकाच्या जागी दुसरं चिन्ह चिकटवलं नाही, नियमच आपला केला. म्हणून क्रूसाच्या जागी अंगारा किंवा ॐ असा सरळ बदल मला पटत नाही. वेंगुर्ला-मालवणात ख्रिस्ती कुटुंबंही आहेत, क्रूस इथे परका नाही. पण तुमच्या घरात त्याला काम नाही. उंबरठा, दिव्याची वेळ, पाहुण्याला पहिलं पाणी देणं, निघताना ‘येतो’ म्हणणं, हे नियम पुरेसे कडक आहेत.

आणि एक कळकळीची विनंती. वेतोबा, देवचार, राखणदार या गावाच्या रक्षकांना या गोष्टीत खलनायक करू नका. आरवलीच्या वेतोबाला लोक केळीचे घड आणि मोठमोठ्या चपला वाहतात ते तो रात्री गावाची राखण करत फिरतो या श्रद्धेने. नुसता ‘वेताळ’ शब्द भुतासारखा वाजतो म्हणून त्याला रक्तपिपासू दाखवणं हे अज्ञान आहे, आणि कोकण म्हणजे भुताखेतांचा मुलूख हे चित्र रंगवून बाहेरच्यांनी आपलं पुरेसं नुकसान केलं आहे. तुमची पाहुणी बाहेरून आलेली असू दे. गावात शूटिंग सुरू करण्याआधी मानकऱ्यांना भेटून देवाला गाऱ्हाणं घाला, नारळ ठेवा. त्याने गाव तुमच्या बाजूने उभा राहतो, आणि रात्री दोनला जनरेटर चालू असताना ते फार मोलाचं असतं.

मोबाईलची अडचण सगळेच विचारतात: आजच्या काळात गोष्ट आहे, मग मुलगी गूगल का करत नाही? ‘रेंज नव्हती’ हे उत्तर एकदा चालतं, दुसऱ्यांदा नाही. स्टोकरकडे बघा. त्याचं पुस्तक त्याच्या काळात अत्याधुनिक होतं. डॉक्टर सीवर्ड फोनोग्राफवर डायरी बोलतो, मिना टाइपरायटरवर नकला काढते, हार्करकडे कोडॅकने काढलेले फोटो आहेत, तारा येतात, रेल्वेची वेळापत्रकं पाठ केली जातात. सगळी कादंबरीच पत्रं, डायऱ्या, कात्रणं आणि जहाजाच्या नोंदींची आहे. तिचे आजचे वारस म्हणजे व्हॉइस मेसेज, घराच्या फॅमिली ग्रुपवर मुंबईच्या आत्याने विचारलेले प्रश्न, पॅथॉलॉजी लॅबचे रिपोर्ट. २०१४ मध्ये कॅनडात ‘कार्मिला’ची वेब मालिका झाली, त्यात लॉरा पत्रकारितेची विद्यार्थिनी आहे आणि जवळजवळ सगळं तिच्या हॉस्टेलच्या खोलीत, एका जागी ठेवलेल्या वेबकॅमसमोर घडतं. एक खोली, एक कॅमेरा, काही मिनिटांचे भाग. तिला जगभर प्रेक्षक मिळाला. त्याआधी १९९४ मध्ये आल्मेरेयडाने ‘नाद्या’ न्यूयॉर्कमध्ये केला, तेव्हा व्हँपायरच्या नजरेतले काही भाग मुलांच्या खेळण्यातल्या व्हिडिओ कॅमेऱ्याने चित्रित केले. चित्र फुटकं होतं, पण ते कुणाच्या नजरेने बघतोय हे ठरलेलं होतं म्हणून ते शोभलं. तुम्हीही ठरवा: फोनचं चित्र कधी, कुणाच्या हातातलं. आणि पाहुणी फोनच्या कॅमेऱ्यात दिसते की नाही हा नियम पहिल्या दिवशी लिहून भिंतीवर लावा.

आजारपणाचा भाग मात्र मन लावून लिहा, कारण आजचा डॉक्टर मूर्ख दाखवला की गोष्ट कोसळते. मुलगी पांढरीफटक पडली तर आरोग्य केंद्रातला डॉक्टर आधी हिमोग्लोबिन बघेल, जंताचं औषध देईल, पावसाळा असेल तर लेप्टोची तपासणी करेल. हिमोग्लोबिन अकरावरून सहावर येतं, रक्तस्राव कुठेच नाही. जिल्हा रुग्णालयात नेतात, मग कुणीतरी म्हणतं ‘बांबोळीला न्या’, म्हणजे गोव्यातल्या मोठ्या सरकारी रुग्णालयात. रक्त चढवल्यावर दोन दिवस बरी दिसते आणि पुन्हा तेच. ‘ड्रॅक्युला’त ल्यूसीला चार पुरुषांचं रक्त देतात, रक्तगट न बघता, कारण लँडस्टायनरने ते गट दाखवून दिले ते पुस्तकानंतर, १९०१ मध्ये. आज रक्तदात्याचा शोध, ग्रुपवरचं आवाहन, दोन तासांत मोटारसायकलवर आलेली गावची पोरं, हे सगळं तुमच्याकडे आयतं आहे आणि अगदी आपल्या गावचं आहे. रिपोर्टचे कागद पडद्यावर दाखवा. लाल पेनने गोल केलेला एक आकडा चार दातांचं काम करतो.

रक्त तरीही थोडं लागेलच. बाजारातलं महागडं नको, कोकम आहे. आगळ नको, ते खारट असतं आणि कलाकाराच्या तोंडात टिकत नाही. साखरेचं कोकम सरबताचं घट्ट सिरप घ्या. नुसतं वापरलंत तर पांढऱ्या एलईडीखाली ते जांभळट-गुलाबी आणि पारदर्शक दिसतं. त्यात थोडी कोको पावडर घाला म्हणजे दाटपणा आणि तपकिरी छटा येते, आणि खाण्याच्या पिवळ्या रंगाचे दोन-तीन थेंब घातले की जांभळटपणा मरतो. ओठांच्या कडेला ते वाळून काळपट होतं, अगदी हवं तसं. साबणाच्या पाण्याशी गाठ पडली की कोकमाचा रंग निळसर होतो, म्हणून हात धुतलेल्या ओल्या त्वचेवर लावू नका. कपड्यांचे दोन जोड ठेवा, आणि पाच मिनिटांत मुंग्या येतात, तेव्हा झोपलेल्या मुलीच्या गळ्यावर लावलं असेल तर शॉट झाल्याबरोबर पुसा.

दात शक्यतो नकोतच. क्रिस्टोफर लीला १९५८ च्या ब्रिटिश ‘ड्रॅक्युला’त संवाद आहेत ते फक्त सुरुवातीला, हार्करशी बोलताना, पुढे तो नुसता येतो, बघतो, जातो. धाक बसतो तो त्याच्या उभं राहण्याने. अशी उभं राहण्याची, मान वळवण्याची, नजर रोखण्याची ताकद आपल्या दशावतारी कलाकारांत आहे. लिखित संहितेशिवाय ते रात्रभर उभ्या उभ्या संवाद रचतात, रंगभूषा स्वतः करतात. आजोबांसाठी मी तिथेच माणूस शोधेन. त्यांना एवढंच सांगावं लागतं की कॅमेरा दोन हातांवर आहे, आवाज आणि डोळे निम्म्यावर आणा. पण कार्तिकापासून जत्रांचा हंगाम सुरू होतो आणि वैशाखापर्यंत त्यांच्या रात्री बांधलेल्या असतात, तेव्हा तारखा आधी त्यांच्या घ्या आणि मग तुमच्या ठरवा.

आवाजावर पैसे खर्च करा, अगदी कॅमेऱ्यावरचे कापून. प्रेक्षक धूसर चित्र माफ करतो, घुमणारा संवाद करत नाही. समुद्राजवळच्या घरात गाज प्रत्येक वाक्याखाली राहते आणि टेकपरत्वे बदलते, त्यामुळे एडिटमध्ये जोड लपत नाहीत. किनाऱ्यापासून डोंगराआड असलेलं घर निवडा आणि गाज वेगळी ध्वनिमुद्रित करून हवी तिथे घाला. रातकिडे तर दर महिन्याला वेगळे वाजतात. प्रत्येक प्रसंगानंतर सगळ्यांना गप्प बसवून दोन मिनिटं नुसती जागा रेकॉर्ड करा. मग पाहुणी खोलीत आली की रातकिड्यांचा थर हळूच काढून घेता येतो. प्रेक्षकाला काय झालं ते कळत नाही, पण तो सावरून बसतो.

जहाजाचा मोह तुम्हाला होणार हे मी जाणतो. वार्नाहून व्हिटबीला निघालेलं ‘डिमिटर’, एकेक करून नाहीसे होणारे खलाशी, सुकाणूला बांधलेला मेलेला कप्तान: जगातल्या कुठल्याही किनाऱ्यावरच्या माणसाला ते प्रकरण ओढतं. त्यातून ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात रत्नागिरीच्या मिऱ्या किनाऱ्यावर ‘बसरा स्टार’ हे जहाज येऊन रुतलं आणि वर्षानुवर्षं तिथे राहिलं, ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. पण पाच लाखांत समुद्रावर शूटिंग करू नका. भरती, इंधन, सुरक्षा, उलट्या यांत तुमचे तीन दिवस जातील. बोटीचा प्रसंग हवाच असेल तर १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात बोटी किनाऱ्यावर ओढून शाकारलेल्या असतात. रात्री, झापांखाली, एका बोटीच्या पोटात, एक माणूस वायरलेसवर बोलतो आहे आणि पलीकडून उत्तर येत नाही. एवढ्यात ते प्रकरण होतं. पडक्या जहाजावर, जेट्टीच्या टोकावर कुणाला चढवू नका.

बाकी घरातल्या चित्रणासाठी ऑक्टोबरचा शेवट ते नोव्हेंबर उत्तम. हिरवं अजून शिल्लक असतं, पाऊस बहुतेक संपलेला असतो. चतुर्थीच्या दिवसांत प्रयत्नही करू नका, ना घर मोकळं ना माणूस ना रेल्वेचं तिकीट. रात्री दंव पडतं, लेन्स एकदम बाहेर काढली की धुकट होते, ती अर्धा तास आधी बाहेर ठेवा. बॅगेत सिलिका जेल असू दे.

पैशांची वाटणी मी अशी करेन: प्रवास, राहणं, जेवण सव्वा लाख, ध्वनी, म्हणजे रेकॉर्डिस्टपासून शेवटच्या मिक्सपर्यंत, एक लाख, कलाकार आणि तंत्रज्ञांचं मानधन एक लाख, दिवे आणि एक चांगली लेन्स भाड्याने पाऊण लाख, कपडे, कला, रक्त मिळून चाळीस हजार, आणि साठ हजार हात न लावता बाजूला. बारा-चौदा दिवसांचं शेड्यूल, सेटवर जास्तीत जास्त पंधरा माणसं. आरशात पाहुणी दिसत नाही हा शॉट यात फुकट होतो: कॅमेरा तिवईवर घट्ट, फोकस-एक्स्पोजर हाताने लॉक, एकदा ती असताना आणि एकदा ती नसताना तोच शॉट, आणि दाविंची रिझॉल्व्हच्या मोफत आवृत्तीत आरशापुरता मास्क. मधे वारा सुटून पडदा हलला तर जोड दिसतो, तेव्हा खिडकी लावून घ्या.

परवानग्यांत स्वतःचं घर असल्याने तुम्ही सुखी आहात. ग्रामपंचायतीला लेखी कळवा, पोलीस ठाण्यात रात्रीच्या शूटिंगची प्रत द्या. किनारा किंवा जेट्टी वापरणार असाल तर सागरी मंडळ, सिंधुदुर्ग-विजयदुर्गासारखा किल्ला हवा तर पुरातत्त्व खातं, आणि त्याला वेळ लागतो, म्हणून पटकथेतच किल्ला टाळा. ड्रोन उडवण्याआधी चिपी विमानतळाच्या हद्दीचा नकाशा बघा. चित्रपटगृहात लावायचा असेल तर सेन्सॉर प्रमाणपत्र लागेल. २०२४ पासून यूए मध्ये ७, १३ आणि १६ वर्षांवरचे असे तीन गट झाले आहेत. रक्त कमी आणि भय जास्त असेल तर तुम्ही यूए १६ मध्ये बसाल असा माझा अंदाज आहे. मालवणी संवादांना प्रमाण मराठीत उपशीर्षकं जरूर द्या, विदर्भातल्या प्रेक्षकालाही तो ‘घरात ये गो’ पहिल्याच वेळी कळला पाहिजे. आणि पटकथा पूर्ण होण्याची वाट न बघता याच आठवड्यात एका संध्याकाळी तो दाराचा प्रसंग हातातल्या कॅमेऱ्यावर करून बघा. चौकटीत काय बसतंय ते पाहूनच पुढची पानं लिहा.